एका आकड्यापायी अकरा आठवडे: माझ्या स्पिटफायरला इंजिन मिळेपर्यंत

इंजिन नंबरात एक 3 होता. बिलावर तो 8 झाला, आणि माझी गाडी फेब्रुवारीपासून एप्रिलच्या शेवटापर्यंत घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उभी राहिली. आजही फाइल चाळताना ते बिल हाताला लागलं की डोकं तापतं. जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकायचं कोणाच्या मनात असेल तर निदान त्याचे हेलपाटे वाचावेत, म्हणून लिहितोय.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर. 1962 साली इंग्लंडात बाजारात आली ती पहिली मालिका, दोन सीटांची, उघडी. काकांनी ती देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली होती. मूळ इंजिन 1147 सीसीचं, 63 हॉर्सपॉवरचं, पण ते काकांच्याही आधी गेलेलं. सत्तरच्या दशकात कोणीतरी आपल्याकडच्या स्टँडर्ड हेराल्डचं 948 सीसीचं इंजिन तिच्यात बसवलं आणि आरसी बुकात त्याची रीतसर नोंद करून घेतली. त्या अनोळखी माणसाचे माझ्यावर फार उपकार आहेत, ते पुढे कळेलच.

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात होजपाइप फुटला. काटा लालच्या वर जाईपर्यंत माझं लक्ष गेलं नाही आणि ब्लॉकला भेग पडली. कास्ट आयर्नचं वेल्डिंग करून पाहिलं. दोन महिन्यांत तेलात पुन्हा पाणी मिसळून ते दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं.

मग प्रत्येकाचं एकच म्हणणं, "जिप्सीचं टाक." चूक नव्हतं ते. मारुती जिप्सीचं 1298 सीसीचं इंजिन ॲल्युमिनियमचं, म्हणून हलकं. गाडीत उभं बसतं, पाच गिअरचा बॉक्स सोबत येतो, आणि नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पेट्रोल फवारणीच्या) मॉडेलला 80 हॉर्सपॉवर मिळते. महिनाभर मीही त्याच नादात होतो. स्पिटफायरचं अख्खं बॉनेट पुढे कलंडतं, त्यामुळे टायरवर बसून निवांत मापं घेता येतात. थर्माकोलचा ठोकळा कापून मी तो चेसिसवर ठेवूनही पाहिला. पण एमपीएफआय म्हटलं की ईसीएम (इंजिनाचा संगणक), सेन्सर, सगळं वायरिंग, जास्त दाबाचा पेट्रोल पंप, हे ओघानं आलंच. शिवाय आमच्या मिस्त्रींनी एक प्रश्न विचारला आणि माझा उत्साह निम्मा झाला. "ही ताकद झेलणार कोण, मागचं डिफरेन्शिअल?" स्पिटफायरचं डिफरेन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा डबा, हेराल्डच्या घराण्यातलं, लहानसं. जोरात क्लच सोडणाऱ्याचं ते तसंही टिकत नाही.

अँबेसेडरमध्ये यायचं ते 1817 सीसीचं इसुझू कोणीतरी फुकट द्यायला तयार होता. ते लोखंडी वजन या नाकावर नको वाटलं. मागे स्विंग ॲक्सल (चाकासकट वरखाली झुलणारा) असलेली गाडी वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर मागची चाकं आत दुमडते. तिचा तोल बिघडवून गंगापूर रोडला फिरायची माझी हिंमत नाही. प्रीमियर 118एनईचं निसान इंजिन मात्र मनापासून आवडलं होतं. 1171 सीसी, 52 हॉर्सपॉवर, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं, म्हणजे गिअरबॉक्सचाही प्रश्न मिटला. कागद आडवे आले नसते तर तेच घेतलं असतं.

कागदांचं मला समजलं ते असं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची माहिती विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. दुसऱ्या कंपनीचं, वेगळ्या सीसीचं इंजिन टाकून मग नोंदीसाठी हात जोडत बसायचं हा जुगार आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच उकरून काढणार. विंटेज नोंदणीचाही विचार केला होता. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ती मिळते, पण चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. आणि तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन असल्या कामांना. मला तर रविवारी सकाळी त्र्यंबकला जाऊन यायचं असतं. तो विचार तिथेच सोडला.

माझ्या आरसीवर 948 सीसी, स्टँडर्ड हेराल्ड असंच छापलेलं आहे. त्याच जातीचं, तेवढ्याच सीसीचं दुसरं इंजिन मिळालं तर फक्त नंबर बदलायचा. हे ध्यानात आल्यावर मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही, कारण 80 हॉर्सपॉवरचं स्वप्न मोडलं होतं. मग वाचत गेलो तसं बरं वाटत गेलं. हेराल्ड आणि स्पिटफायर, दोन्ही इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तींनी रेखाटलेल्या. स्पिटफायरची चेसिस हेराल्डवरूनच बेतलेली. इंजिनंही एकाच कुळातली, 948 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 63 मिलिमीटर आणि 1147 चा 69.3, पण स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्हींचा 76. मद्रासला 1961 पासून बनलेली ती हेराल्ड आपल्या आधीच्या पिढीनं लग्नाच्या वरातीत पाहिलेली. तिचं इंजिन माझ्या गाडीत परकं नाहीच.

आता मूळ दुखणं.

इंजिन मिळालं दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका भंगार व्यापाऱ्याकडे. तोडलेल्या हेराल्डचं, ताडपत्रीखाली ठेवलेलं. क्रँक हातानं फिरत होता, मिस्त्रींनी प्लगच्या भोकात बोट ठेवून कॉम्प्रेशन पाहिलं आणि मान डोलावली. मी पैसे दिले, बिल घेतलं, टेम्पो भरला. बिलावरचा नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी तिथल्या तिथे ताडून पाहिला नाही. पाच मिनिटांचं काम होतं.

आरटीओत अर्ज दिला, तपासणीची तारीख मिळाली. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, हेडच्या खालच्या कडेवर ठोकलेला असतो. त्यावर चाळीस वर्षांचं तेल आणि रंग. रॉकेलमध्ये बुडवलेला फडका अर्धा तास दाबून ठेवला, जुन्या टूथब्रशनं घासलं, खडू चोळला, तेव्हा आकडे पांढरे उठून आले. त्यावर पातळ कागद चिकटपट्टीनं लावून पेन्सिल फिरवली. (पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर चुकूनही लावू नका. आकडा झिजला तर खाडाखोडीचा संशय आणि सगळंच संपलं.) प्रिंट सुरेख आली. अधिकाऱ्यांनी ती बिलाशेजारी ठेवली, बोट फिरवत आले आणि चौथ्या आकड्यावर थांबले. प्रिंटमध्ये 3, बिलात 8.

"हे बिल या इंजिनाचं नाही."

त्यांचं बरोबर होतं. चोरीच्या इंजिनाला दुसऱ्याचं बिल जोडतात, तेच तर त्यांना पकडायचं असतं. त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही.

राग आहे तो त्या व्यापाऱ्यावर. फोन केला, म्हणाला, "साहेब, काही नाही, उद्या दुरुस्त करून देतो." उद्या गेलो तर बिलबुक मुनीमाकडे. पुढच्या आठवड्यात मुनीम लग्नाला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, एकदा फाडलेलं बिल बदलता येत नाही, जीएसटीचा प्रश्न येतो. चौथ्या खेपेला म्हणाला, 8 च असेल, तुमचीच प्रिंट चुकली. मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यानं चष्मा लावला, काढला आणि चहा मागवला. चहा पाजून माणसाला परत पाठवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. दरवेळी जाऊन-येऊन पाच तास, एक रजा, आणि घरी उघडी पडलेली गाडी. सात आठवडे असे गेले. त्या दिवसांत मी घरच्यांशी ज्या स्वरात बोललो तो मला आठवायलाही नको वाटतो.

शेवटी मी बिलाचा नाद सोडला आणि उलटीकडून निघालो. ती हेराल्ड मुळात कोणाची? व्यापारी नाव सांगेना, पण त्याच्याकडच्या पोरानं गाव सांगितलं. तिथे एका शिक्षकांचं घर निघालं. मास्तर वारले होते, घरात त्यांच्या पत्नी. मी सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बस बाळा, आधी पाणी घे." मग पत्र्याच्या ट्रंकेतून साड्यांच्या खालून एक पिशवी काढली. तिच्यात गाडीचं जुनं आरसी पुस्तक, कापडी पाठीचं, आणि त्यातच घडी घातलेला नोंदणी रद्द झाल्याचा कागद. मुलानं गाडी तोडायला देण्याआधी कलम 55 प्रमाणे नोंदणी रद्द करून घेतली होती. पुस्तकाच्या पानावर निळ्या शाईत, शाळामास्तरी अक्षरासारखा स्वच्छ इंजिन नंबर. चौथा आकडा 3.

मला काही क्षण बोलता येईना. आजींनी झेरॉक्स काढायला पुस्तक माझ्या हातात दिलं, ओळखपाळख नसताना. ती झेरॉक्स समोर ठेवल्यावर व्यापाऱ्यानं दहा मिनिटांत जुनं बिल रद्द करून नवं लिहून दिलं. दहा मिनिटांत! बाकीचे आठवडे नवी तारीख मिळण्यात गेले आणि मग नोंद झाली.

तेव्हा पहिला सल्ला हाच, की बिलाआधी ज्या गाडीतून इंजिन निघालं तिची आरसी आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा. तो नंबर दुसऱ्या चालू गाडीच्या नावावर असेल तर तुमच्या नावावर चढायचा नाही. कागद नसेल तर इंजिन कितीही गोड वाजत असो, तिथेच ठेवून या. परवानगी आधी घ्या. इंजिन आधीच बदललं असेल तर कायद्यानं चौदा दिवसांत कळवावं लागतं. नोंद झाली की त्याच दिवशी विमा कंपनीला नवा नंबर लेखी कळवा, मी तोंडी सांगून गप्प बसलो होतो आणि नूतनीकरणाच्या पॉलिसीवर जुनाच नंबर आला.

इंजिनाचं काम मात्र एकदम सरळ गेलं. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग अंबडला, ओव्हरसाइज पिस्टन चेन्नईहून. जुन्या माउंटिंगवर ब्लॉक असा बसला की मिस्त्रींना पहारही लावावी लागली नाही.

आणि हो, या कुळातलं इंजिन विकत घ्यायच्या आधी क्रँकचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) बघाच, ते घसरून खाली पडतात आणि मग क्रँक ब्लॉकलाच खातो. गाडीत बसवलेलं इंजिन असेल तर एकाला क्लच दाबायला लावा आणि आपण पुढची पुली बघा. क्लच दाबल्यावर पुली पुढे सरकताना डोळ्यांना दिसली तर वॉशर गेले समजा. माझ्या इंजिनात ते जेमतेम उरले होते, आणि हे मला खोलल्यावर कळलं.