बागेची दुरुस्ती महापालिकेच्या बजेटमध्ये बसवायची तर

पुणे महापालिकेच्या बजेटमध्ये २००६ पासून नागरिकांनाही कामं सुचवता येतात. एका कामाला कमाल ५ लाख. त्यातच १८ टक्के जीएसटी धरला तर प्रत्यक्ष काम सव्वाचार लाखांचंच. ‘उद्यानाची सुधारणा करावी’ असा मोघम अर्ज मागे पडतो, कारण एवढ्यावरून कनिष्ठ अभियंत्याला एस्टिमेट काढता येत नाही.

म्हणून टेप घेऊन मोजा. ‘गेटपासून खेळण्यांपर्यंतचा जॉगिंग ट्रॅक, ६० मीटर लांब, १.८ मीटर रुंद, पेव्हिंग ब्लॉक खचलेले’ असं लिहा. हे झाले १०८ चौरस मीटर. आता दरसूचीतला, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीतला, दर लावून रक्कम निघते.

ब्लॉक का खचले तेही बघा. बऱ्याचदा ब्लॉक शाबूत असतो. खालचा मुरूम नीट दाबलेला नसतो, नाहीतर ब्लॉक धरून ठेवणारा कडेचा कर्ब (काठाचा दगड) निखळून ओळी पसरलेल्या असतात. अशा वेळी ब्लॉक काढून, तळ दाबून तेच परत बसवायला सांगा. स्वस्त पडतं, पण आपण मागितल्याशिवाय सहसा कुणी सुचवत नाही. मुळांनी उचललेल्या जागी मात्र नवे ब्लॉकही उचलले जाणारच. तिथे बुंध्याभोवती माती मोकळी सोडून ट्रॅक वळवून घ्यावा.

झोपाळ्याखाली ब्लॉक किंवा काँक्रीट असेल तर तो भाग आधी मागा: ब्लॉक काढून ३० सेंमी वाळू. झिजलेली कडी, बेअरिंग ही देखभालीची कामं. त्यासाठी पुढच्या बजेटपर्यंत थांबायचं कारण नाही, उद्यान विभागाकडे तक्रार पुरते.

दिवे विद्युत विभागाचे, हिरवळ उद्यान विभागाची, भिंत स्थापत्यची. तिन्ही एकाच अर्जात कोंबलीत तर कागद टेबलाटेबलांवर फिरत राहतो. आणि जागा महापालिकेच्या ताब्यात आहे ना, हे आधी तपासा. सोसायटीची हस्तांतरित न झालेली ओपन स्पेस असेल तर पुढचं सगळं वाया.

बजेटमध्ये नाव आलं म्हणजे काम झालं असं नाही. निविदा लांबली की तरतुदीचं दुसऱ्याच कामासाठी वर्गीकरण होऊ शकतं, म्हणजे पैसे तिकडे वळतात, आणि ३१ मार्चला वर्ष संपतं. दिवाळीपर्यंत वर्क ऑर्डर निघाली का, हे क्षेत्रीय कार्यालयात विचारा. निघाली असेल तर त्यातला दोष दायित्व कालावधी टिपून ठेवा. पहिल्या पावसात ट्रॅकवर डबकं साचलं तर तेवढ्या मुदतीत ठेकेदाराला स्वखर्चाने दुरुस्त करावं लागतं.