निळा धूर, पहिला स्टार्ट आणि वाया गेलेले नऊ दिवस

काम होऊन महिना झाला तरी राग उतरलेला नाही, म्हणून लिहितोय. मी मनीषनगरला राहतो. गाडी 1.2 लिटर पेट्रोलची, लाखाच्या वर धावलेली. डिसेंबरात रोज सकाळी पहिला स्टार्ट मारला की मागे निळसर लोट यायचा आणि मिनिटभरात नाहीसा व्हायचा. शेजारचे काका म्हणाले, "थंडीची वाफ आहे." थंडीत पांढरी वाफ येतेच, सायलेन्सरमधून पाणीही टपकतं, इंजिन तापलं की थांबतं. त्याला घाबरू नका. पण माझ्या धुराला जळक्या तेलाचा वास होता आणि दीड हजार किलोमीटरमध्ये लिटरभर ऑइल उतरलं होतं.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम. अ‍ॅडव्हायझरने रेस दिली आणि म्हणाला, "सर, धूर कुठे आहे?" मी म्हटलं, रात्रभर ठेवा, सकाळी माझ्यासमोर स्टार्ट करा. जॉबकार्डवर तसं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी साडेनऊला पोचलो, तर पोरांनी गाडी आधीच वॉशिंगला नेलेली. म्हणजे तो थंड स्टार्ट गेला! आता पुन्हा पूर्ण रात्र थांबणं आलं. तिसऱ्या दिवशी जागा हवी म्हणून कोणीतरी ती हलवली. मग रविवार आला. मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला, तर "व्हिडिओवरून सांगता येत नाही." आणि नवव्या दिवशी हातात एस्टिमेट: पिस्टन, त्याभोवतीच्या रिंगा, हेडचं म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं काम, 58,000 रुपये! कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचं रीडिंग मागितलं, तर म्हणाले, "निळा धूर म्हणजे रिंगच, सर." ज्यांना आठ दिवस धूर दिसला नाही, त्यांनी इंजिन उघडायचं ठरवलं होतं. मी गाडी परत आणली.

धुराच्या रंगाइतकंच तो कधी येतो हे महत्त्वाचं. रात्रभर उभ्या गाडीत व्हॉल्व्हच्या दांडीवरून ऑइल खाली झिरपतं आणि सकाळी एकदम जळतं. तो दोष बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सीलचा, म्हणजे दांडीवर ऑइल अडवणाऱ्या रबरी टोपीचा. चढावर, जोर दिल्यावर निळा धूर वाढत गेला तर संशय रिंगवर. म्हणून व्हिडिओ काढताना इंजिन थंड होतं की गरम, हे बोलून ठेवा. मागे पांढरी भिंत असली तर रंग नीट कळतो.

वाडीच्या मिस्त्रीने एकाच वाक्यात माझं मन जिंकलं: "भाऊ, गाडी रातभर इथंच राहू द्या, सकाळी तुमच्यासमोरच चावी मारतो." आठ वाजता मारली, सायलेन्सरपुढे पांढरं फडकं धरलं, त्यावर तेलकट तपकिरी ठिपके उमटले. मग इंजिन गरम करून चारही प्लग काढले, गेज लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं: 172, 170, 175, 168 पीएसआय. "रिंगा मस्त आहे भाऊ." चारही आकडे एकमेकांच्या जवळ होते. एखादा खूप कमी आला असता, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवा भरून सोळाही सील बदलले. जुनं सील त्याने माझ्या हातावर ठेवलं. रबर असूनही ते प्लॅस्टिकसारखं कडक झालं होतं, नखाने दाबलं तर कडकन तुटलं. ऑइल धरून 6,800 रुपये.

त्याच आठवड्यात पीयूसी पास झाली होती, त्यावर विसंबू नका. पेट्रोल गाडीचे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन) तिथे मोजतात, तेही गरम इंजिनवर.

हो, काळा धूर आला तर आधी एअर फिल्टर काढून बघा. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, गोडसर वास येत असेल, कूलंट उतरत असेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही.

काल हजार किलोमीटर पूर्ण झाले. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली, ऑइल वरच्या खुणेलाच आहे.