किन्सोलचा लाकडी पूल आणि बाबा

आई-बाबा यावेळी व्हँकुव्हरला आले तेव्हा मी आधीच ठरवलं होतं की बाबांना किन्सोल ट्रेसल हा जुना लाकडी रेल्वेपूल दाखवायचा म्हणजे दाखवायचाच. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत, तीही ट्रॅकवर, पावसाळ्यात रात्री-अपरात्री घाटात धावलेला माणूस, त्यांना नुसते मॉल आणि बागा काय दाखवायच्या.

सकाळची फेरीबोट पकडली, दीडेक तासात व्हँकुव्हर आयलंड, मग गाडीने मालाहाटचा डोंगर चढून शॉनिगन लेक. पार्किंगपासून किलोमीटरभर चालायचं. जुनी रेल्वेलाईनच असल्यामुळे रस्त्याला चढ असा नाहीच, त्यामुळे आईलाही गुडघ्याचा त्रास झाला नाही, मधूनमधून सायकलवाले घंटी वाजवत जात होते.

आणि मग झाडी संपते आणि एकदम तो पूल दिसतो. ४४ मीटर उंच, जवळजवळ १८८ मीटर लांब, सगळा लाकडाचा, आणि सरळ नाही, वळणावर! बाबा पुलावर पाय ठेवायच्या आधीच थांबले. मी म्हटलं, बाबा, चला ना पुढे, तर म्हणाले, "थांब जरा. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला दाबते, म्हणून बाहेरचा रूळ वर उचलावा लागतो, कँट म्हणतात त्याला. ते आम्ही दगडी खडीवर करायचो तरी रोज लक्ष ठेवावं लागायचं. यांनी हे लाकडावर केलं, एवढ्या उंचीवर." मग ते कठड्यावरून वाकून खालचे तिरके पाय बघत राहिले, बाहेरचे पाय फाकलेले का, मधे आडव्या-तिरप्या पट्ट्या का, सगळं मला समजावलं. मी दोनदा येऊन गेले होते पण हे कधी बघितलंच नव्हतं.

१९११ ला काम सुरू झालं आणि १९२० ला संपलं. जंगलातली मोठमोठी झाडं तोडून बाहेर न्यायला ही लाईन, आणि पूलही तिथल्याच लाकडाचा. नाव जवळच्या किंग सॉलोमन नावाच्या खाणीवरून पडलं, किंग-सॉलोमनचं किन्सोल. शेवटची गाडी १९७९ ला गेली आणि मग पूल नुसता कुजत उभा, पाडायचंही ठरलं होतं. तिथल्या लोकांनी पाडू दिला नाही, पैसे उभे केले, जुनी लाकडं जमतील तेवढी ठेवून दुरुस्त केला आणि २०११ ला चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी उघडला. मला याचं फार फार कौतुक वाटतं. बाबा म्हणाले, लाईन बंद झाली की रूळ भंगारात जातात आणि पूल कुणाचाच राहत नाही, हा राहिला.

पुलाखाली उतरायला पायवाट आहे, कोक्सिला नदीपर्यंत, जाणार असाल तर ती चुकवू नका. खालून वर बघितल्यावरच त्याची उंची खरी कळते. आईने तिथेच दगडावर बसून थालीपीठं काढली, बाबा मात्र एकेका खांबाला हात लावत फिरत होते, नवीन लाकूड कुठलं, जुनं कुठलं ओळखत.

ठरवलेली फेरी चुकली, पुढची मिळाली. बोटीवर बाबा कागदी नॅपकिनवर पुलाचे तिरके पाय काढत होते आणि शेजारच्या अनोळखी सरदारजींना हिंदीत कँट समजावत होते, आणि तेही अगदी मन लावून ऐकत होते.