टोकिना आली एकदाची

भुसावळहून आत्ताच आलो, टोकिना 11-16 घेऊन, म्हणजे 11 ते 16 मिमीची वाइड लेन्स (फ्रेममध्ये जास्त परिसर मावतो), सेकंडहॅन्ड. विकणारा पोरगा लग्नाचे शूट करतो, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा घेतला म्हणून क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, लेन्स काढून टाकतोय. सध्या बरेच जण तेच करताहेत आणि माझ्यासारख्याचं त्यात भलं होतंय. 18 हजार म्हणत होता, 16 वर आला.

वाइड हवीच होती. धुळे जिल्ह्यातल्या बळसाण्याच्या हेमाडपंती देवळात कॅमेऱ्यासोबतची किट लेन्स 18 मिमीवर ठेवून पाठ भिंतीला टेकवली तरी खांब आणि छत एका फ्रेममध्ये येत नाही, कॅननच्या 1.6 क्रॉपमुळे ते 18 म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात जवळपास 29 होतात ना, मग कमी मावतं. खरं सांगायचं तर देवळासाठी कॅननची 10-18 पुरली असती, वजन फक्त 240 ग्रॅम, स्टॅबिलायझर आहे, आणि खांब काय पळून जात नाहीत. पण तिचं अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) एफ 4.5 पासून सुरू होतं, आकडा लहान तितका उजेड जास्त, आणि मला तोरणमाळला रात्री तारे काढायचेत, तिथे कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, स्टॅबिलायझरचा काही उपयोग नाही, टोकिनाचा 2.8 च लागतो. बाबा म्हणे, चाळीसगावच्या फोटोग्राफर केकी मूसांनी घरात बसून टेबलावर फोटो केले, तुला हे कशाला! आता यावर काय बोलणार.

भुसावळला त्या पोराकडे चहा थंड झाला तरी माझं तपासणं चालूच. मागून मोबाईलचा टॉर्च मारून आत पाहिलं, धूळ थोडी आहे, ती चालते, फंगसची जाळी नाही. मग एफ 16 वर पांढऱ्या भिंतीचे फोटो, सगळे सारख्याच उजेडाचे आले म्हणजे अ‍ॅपर्चरची ब्लेड अडकत नाहीत. मग समोरच्या विटांच्या भिंतीचा सरळ उभं राहून 2.8 वर एक, आणि झूम करून डावे-उजवे कोपरे ताडून पाहिले, कारण लेन्स कधी पडलेली असेल तर एकच बाजू मऊ, अस्पष्ट येते. पोरगा हसून म्हणे, "काय भो, पोरगी बघायला आले का?" (निकॉनवाल्यांनो, या लेन्सच्या जुन्या पहिल्या व्हर्जनमध्ये फोकसची मोटर नाही, डी3000-डी5000 सिरीजच्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस होणार नाही, आधी विचारून घ्या.)

येताना केळीच्या बागेत थांबलो. 11 वर लांबून काढलेले फोटो फुसके, सगळं बारीक आणि अर्धं आभाळ. मग घडाच्या अगदी जवळ गेलो, फण्या अंगावर आल्यासारख्या मोठ्या आणि मागे रांगा पार लांबपर्यंत गेलेल्या, तेव्हा कुठे मजा आली. कॅमेरा जरा वर केला की झाडं आत झुकतात ते वेगळंच. सूर्य फ्रेममध्ये आला की फ्लेअर (फोटोत उजेडाचे डाग) मात्र भयंकर, ते या लेन्सचं दुखणंच आहे.

लेन्ससाठी 77 मिमीचा यूव्ही फिल्टर आणि हवाबंद डबा, सिलिका जेल पावसाळ्याआधी घ्यायचंय. अमावस्येला तोरणमाळ, चुलतभाऊ गाडी द्यायला तयार आहे, डिझेल माझं म्हणे.