एकोणचाळीस खडू

आठवीत असताना इतिहासाच्या सरांनी पाच-पाच जणांचे गट पाडले आणि आमच्या वाट्याला अजिंठ्याचं दहा नंबरचं लेणं आलं. आम्ही हुशारी केली. बुटाचं खोकं घेतलं, पुठ्ठा वाकवून कमानदार छत केलं आणि पुस्तकात ३९ खांब लिहिलेत म्हणून आत ३९ खडू डिंकाने उभे केले. ब्लेडने तासून अष्टकोनी केलेले! त्यात खडूच्या दोन पेट्या खलास झाल्या. त्यावरून खाल्लेली बोलणी वेगळीच.

सरांनी खांब मोजले. "हिशेब बरोबर आहे. आणले कुठून?"

"पेटीतून, सर."

"आणि लेण्यातले?"

आम्ही गप्प.

"अरे, ते आणलेच नाहीत. खांब सोडून बाकीचा डोंगर काढून टाकला. जा, पुन्हा करा. चिकटवायचं काही नाही, फक्त काढायचं."

मग गिरणाकाठची काळी माती आणून गोळा केला. दोन दिवसांत त्याला बोट जाईल एवढ्या भेगा. गल्लीतल्या कुंभारबाबांनी पाहिलं आणि हसले. "नुस्ती माटी तडकी जाई, पोऱ्या." त्यांनी लीद मिसळायला लावली. (नाक धरूनच मळली.) अजिंठ्यात चित्रांखालच्या मातीच्या लेपातही भाताचं तूस आणि गवताचे तंतू आहेत, हे सरांनी सांगितल्यावर बाबांची ऐट पाहण्यासारखी होती.

कोरायला छत्रीची काडी आणि कर्कटक. आत हात जाईना, म्हणून लेणं मधोमध चिरलेलं दाखवायचं ठरलं. आधी खालचे खांब सुरेख कोरले, मग छताला हात घातला. वरचा चुरा थेट खांबांवर, तीन खांब जागीच आडवे. तेव्हा कुठे कळलं की लेणी वरून खाली का कोरत. छत आधी उरकायचं, उभं राहायला खालचा न फोडलेला खडक असतोच, परांची बांधायची गरज नाही. शेवटी आमचे अकरा खांब उभे राहिले. बारावा अर्धाच राहिला.

पुढच्या हिवाळ्यात सहल गेली. पाचोऱ्याहून पी.जे.ने, म्हणजे पाचोरा-जामनेरच्या छोट्या रेल्वेने पहूर, तिथून एस.टी. दहा नंबरच्या लेण्यात सर 'भिंतीवर नावं लिहू नका' सांगत होते आणि तिथेच एका खांबावर १८१९ साली आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव. तेही डोक्याच्या वर, कारण तेव्हा आत राडारोडा साचलेला होता, त्यावर उभं राहून त्याने ते कोरलं.

चोविसाव्या लेण्यापाशी मात्र सगळे पुढे निघाले. चित्र नाही, काम अर्धवट सुटलेलं. आम्ही पाच जण आत घुसलो. वर छत बऱ्यापैकी कोरून झालेलं, खाली खडकाचे ओबडधोबड ठोकळे, छिन्नीचे घाव जसेच्या तसे. बाराव्या खांबावर काम करणारा आमचा गडी एका ठोकळ्यावर हात फिरवत ओरडला, "आपला सारखंच शे रे!"

बाहेरून सरांची शिट्टी वाजत होती. कोणी हललं नाही.