ट्रान्समच्या मागचा एक किलो किती भरतो?

बेळगावकडच्या हिडकल नाहीतर नविलुतीर्थ धरणाच्या पाण्यावर मासेमारीची साधी होडी बघितलेल्या माणसाला अमेरिकेतली बास बोट, म्हणजे बास मासा पकडायची वेगवान बोट, अगदी वेगळी वाटेल. अलाबामातलं गंटर्सविल घ्या. 1939 साली टेनेसी नदी अडवून झालेला हा जलाशय बास माशासाठी सगळ्या अमेरिकेत नावाजलेला. तिथं धावणाऱ्या बोटी 18 ते 21 फुटी, फायबरग्लासच्या, बुटक्या बांध्याच्या. मागं 200-250 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. ताशी 110 किलोमीटर हा वेग इथं नवलाचा नाही.

एवढ्या वेगात बोटीचा बहुतेक भाग पाण्याबाहेर असतो. तळाच्या मध्यावर मागच्या बाजूला एक अरुंद सपाट पट्टी असते, तिला पॅड म्हणतात. बोट या पॅडवर आणि प्रॉपेलरच्या जोरावर तरंगत पळते. म्हणूनच मागं काहीही बसवलं की तिची चाल बदलते. आणि लोक तर सगळं मागंच बसवतात: उथळ पाण्यात बोट रोवून धरणारे हायड्रॉलिक खांब, इंजिन वर-खाली करणारी जॅक प्लेट, पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनारचा ट्रान्सड्यूसर. बॅटऱ्या, पेट्रोलची टाकी आणि मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकीही बहुधा मागच्याच अर्ध्या भागात असते.

उसानं भरलेली ट्रॉली तवंदी घाट चढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात, हे निपाणी-संकेश्वरकडच्या कुणालाही सांगायला नको. इथंही तेच घडतं. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची भिंत. तिच्या मागं लटकलेलं वजन नाक वर उचलतं.

बेळगावच्या उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्यांसाठी गणितच मांडतो. माणसं, पेट्रोल, सामान धरून बोट 1,400 किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य ट्रान्समच्या पुढं 1.5 मीटरवर आहे असं समजू. खांबांची जोडी ब्रॅकेटसकट 45 किलो धरू, आणि ती ट्रान्सममागं 40 सेंटीमीटरवर बसली. गुरुत्वमध्य सुमारे 6 सेंटीमीटर मागं सरकतो. तेच 45 किलो ट्रान्समच्या पुढं अर्ध्या मीटरवर, डेकखालच्या कप्प्यात ठेवले असते तर तो जेमतेम 3 सेंटीमीटर सरकला असता. वजन तेच, परिणाम दुप्पट. जॅक प्लेटचंही असंच. ती इंजिनाला ट्रान्समपासून जेवढं मागं नेते तेच तिचं माप. 6 इंचीऐवजी 10 इंची लावली की 230 किलोचं इंजिन आणखी 10 सेंटीमीटर मागं जातं. एवढ्यानंच गुरुत्वमध्य दीड सेंटीमीटरच्या वर हलतो, प्लेटचं वजन वेगळं.

6 सेंटीमीटरनं काय होतं? बोट प्लेनवर यायला, म्हणजे पाणी कापणं सोडून पाण्यावर चढायला, वेळ लागतो. तेवढा वेळ नाक वर असतं आणि चालवणाऱ्याला पुढचं दिसत नाही. गर्दीच्या पाण्यात हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो. प्लेनवर टिकायला लागणारा किमान वेगही वाढतो. मधल्या वेगात नाक लयीत वर-खाली आपटायला लागतं. ट्रिम खाली घेतला, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग बोटीकडं ओढला, की हे आपटणं थांबतं, पण बोट जास्त पाणी घासते आणि वेग जातो. पूर्ण वेगात पॅडवर डावी-उजवी डुलायला लागली तर थ्रॉटल एकदम सोडू नका. ट्रिम थोडा खाली घेत हळूहळू कमी करा. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवलेली हवीच. ज्या बोटीवर ती सोय बसवलेली आहे तिथं 1 एप्रिल 2021 पासून अमेरिकेत ते कायद्यानंही सक्तीचं आहे.

उभ्या बोटीकडंही बघा. मागची बाजू खाली बसली की बिल्ज पंपाचं (तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं) आणि माशांच्या टाकीचं बाहेर पाणी सोडणारं तोंड पाण्याच्या रेषेशी येतं. तोंड बुडलं आणि आत एकदिशा झडप नसली तर पाणी उलटं आत शिरतं. वेगात येऊन एकदम थांबलं की स्वतःचीच लाट मागून चढते, ते आणखी वेगळं.

इलाज करताना बहुतेक जण आधी नवा प्रॉप, म्हणजे प्रॉपेलर, घेतात. हा क्रम उलटा आहे. आधी वजन हलवा. वरच्याच उदाहरणात 30 किलोची एक बॅटरी ट्रान्समपासून 0.6 मीटरवरून 3.5 मीटरवर नेली तर खांबांनी मागं ओढलेला गुरुत्वमध्य जागेवर येतो. ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासे पकडताना बोट हळू हलवायची छोटी इलेक्ट्रिक मोटर, नाकावरच असते, त्यामुळं तिची केबलही आखूड होते. मात्र पुढं आपटा जास्त बसतो. ट्रे बोल्टनं घट्ट हवा आणि बॅटरीजवळ सर्किट ब्रेकर हवा. पुढं फार भरलं तर नाक लाटेत खुपसतं, तेव्हा अति करू नका. ट्रोलिंग मोटरच्या तीन शिसे-आम्ल बॅटऱ्यांऐवजी 100 अँपियर-तासाच्या लिथियम घेतल्या तर 50-60 किलो सरळ कमी होतात. इंजिन स्टार्ट करायची बॅटरी मात्र इंजिन कंपनी मान्य करत असेल तरच बदला. पाण्याच्या टाकीत मासा नसताना 120 लिटर, म्हणजे 120 किलो पाणी घेऊन पळण्यात काही अर्थ नाही.

मग इंजिनाची उंची. पाव-पाव इंच वर घ्या आणि दर वेळी पाण्याच्या दाबाचा काटा बघा. पुस्तकात दिलेल्या किमान दाबाखाली काटा आला की पाणी ओढायची भोकं हवा ओढतायत. इंजिन तापणार, मागं या.

सगळ्यात शेवटी प्रॉप. पिच म्हणजे प्रॉप एका फेऱ्यात हिशोबानं जेवढा पुढं जायला हवा ते अंतर. आरपीएमला गिअर रेशोनं भागा, पिचच्या इंचांनी गुणा, 1,056 नं भागा. आलेला आकडा सैद्धांतिक वेग, ताशी मैलांत. 5,800 आरपीएम, 1.75 रेशो, 24 पिच: 75.3 मैल. जीपीएस 68 दाखवत असेल तर घसरण साधारण 10 टक्के. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम इंजिन कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेच्या खाली राहत असेल तर पिच कमी करा. एक इंचाला साधारण 150 ते 200 आरपीएम मिळतात. चार पात्यांचा प्रॉप मागची बाजू उचलून धरतो, थोडा वेग खातो. माझं मत विचाराल तर मागं खांब असलेल्या बोटीला तोच बरा.

ही सगळी मापं अर्ध्या टाकीवर, तेवढ्याच माणसांसह, दोन्ही दिशांना पळवून सरासरीनं घ्या. वारा एका दिशेचा आकडा फुगवतो.

बसवताना ट्रान्समला भोकं कमीत कमी पाडा. जॅक प्लेट आणि ट्रान्सम यांच्यामध्ये बसणारे ब्रॅकेट मिळतात, ते वापरा. नवं भोक पाडलंच तर मरीन सीलंट भरा, कारण जुन्या बोटींच्या ट्रान्सममध्ये प्लायवूड असतं आणि पाणी मुरलं की ते आतून कुजतं. बोल्ट 316 स्टेनलेसचे, आतून मोठे वॉशर. पहिल्या काही फेऱ्यांनंतर परत आवळा. इंजिन पूर्ण वर उचलून दोन्ही टोकांना वळवून बघा, खांबाला घासता कामा नये. ट्रान्सड्यूसर प्रॉपपासून निदान 38 सेंटीमीटर लांब ठेवा, नाहीतर त्यानं घुसळलेलं पाणी प्रॉपमध्ये जातं आणि प्रॉप पकड सोडतो.

ट्रेलरही तपासा. मागं वजन वाढलं की गाडीच्या हुकावरचा भार कमी होतो आणि हायवेला ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. नाकाकडचा विंचचा खांब पुढं सरकवून बोट थोडी पुढं घेता येते, पण ट्रान्सम ट्रेलरच्या टेकूबाहेर लोंबकळत राहत नाही ना, ते आधी वाकून बघा.