इमॅजिकाला एक्सप्रेस घ्यायचं का? दिवाळीच्या गर्दीत जाऊन आल्यावर

यंदा भाऊबीजेला दादाने पाकीट न देता सरळ विचारलं, "इमॅजिकाचं एक्सप्रेस काढू का सगळ्यांना? हीच तुझी ओवाळणी." आणि मी नको म्हटलं. त्यावरून घरात जी चर्चा झाली ती फराळाची ताटं संपली तरी चालूच होती. पुण्यातून सुट्टीत खोपोलीच्या या थीम पार्कला जाणाऱ्या बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडत असणार, म्हणून नीट लिहून काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एक्सप्रेस म्हणजे साध्या तिकिटावर जास्तीचे पैसे भरायचे आणि मोठ्या राईड्सना वेगळ्या लाईनीतून लवकर आत जायचं, पण एका राईडला एकदाच. सहा माणसांचा हा वरचा खर्च म्हणजे छोटी रक्कम नाही. दादाचं म्हणणं असं की वर्षातून एकदा जातो, पोरं उन्हात तासतास उभी राहण्यापेक्षा पैसे गेले तरी चालतील, आणि त्याचं म्हणणं मला चूक वाटत नव्हतं. फक्त मला आधी हे बघायचं होतं की आमच्यातलं कोण नक्की कशात बसणार आहे.

मग कागद घेतला आणि बसलो. नायट्रो, म्हणजे तिथला तो सगळ्यात मोठा रोलर कोस्टर, जवळजवळ ४० मीटर उंच, ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग आणि पायाखाली फरशीच नाही, पाय हवेत लोंबकळत. त्यात दादा, मी आणि अकरा वर्षांचा भाचा. धाकटी भाची उंचीच्या अटीत बसत नाही, वहिनीला गरगरतं, आईचे गुडघे दुखतात. डीप स्पेस, म्हणजे अंधारातला कोस्टर, आणि स्क्रीम मशीन, म्हणजे तो प्रचंड झोका, यांनाही आम्ही तिघंच. राजासॉरसच्या बोटीत आई सोडून सगळे. अलीबाबा, मॅजिक कॅरोसेल हे धाकटीचं, आणि आईला फक्त आय फॉर इंडिया बघायचं होतं, ते हवेत बसून भारतावरून फिरवून आणतात ना, ते. आता सांगा, सहा एक्सप्रेस काढून त्यातली तीन कशाला वापरणार होतो आम्ही? दादा म्हणाला मग तीनच काढू. पण तीन काढली की आम्ही तिघं दिवसभर एका बाजूला आणि आई, वहिनी, धाकटी दुसऱ्या बाजूला, आणि आईला तर सगळ्यांबरोबर दिवस घालवायचा म्हणूनच यायचं होतं. शेवटी ठरलं की पैशाऐवजी झोप मोडायची.

पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघालो. चांदणी चौक, बायपास, किवळ्याला एक्सप्रेसवे, तोवर रस्ता मोकळा होता. लोणावळ्यापुढे घाटात गाड्या वाढायला लागल्या, पण अजून चहाच्या वेळेचीच गर्दी होती ती, नंतरची वेगळी. एवढ्या लवकर निघण्याचं आणखी एक कारण म्हणजे महडचा वरदविनायक खोपोलीच्या अगदी जवळ आहे, पार्क उघडायच्या आत दर्शन आरामात होतं. तिथला नंदादीप १८९२ पासून तेवतोय असं सांगतात, आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. माझं मत विचाराल तर खोपोलीला जाणाऱ्या प्रत्येक पुणेकराने सकाळी महड करावंच, घरचे मोठे खूश होतात आणि आपण आपोआप पार्कच्या गेटवर पहिल्या लोकांत असतो. डब्यातली थालीपिठं गाडीतच संपवली कारण बाहेरचं खाणं आत नेता येत नाही.

गेट उघडलं की बहुतेक सगळे जी पहिली राईड दिसते तिथे थांबतात, फोटो काढतात. आम्ही तिघं कुठेही न थांबता सरळ नायट्रो गाठलं, बाकीचे कॅरोसेलकडे. आमच्यापुढे एखाद-दुसरी फेरी भरेल एवढीच माणसं होती. बाहेर आल्यावर भाच्याचे पाय थरथरत होते आणि तो बोलायचं थांबत नव्हता, तोच लगेच डीप स्पेसला, तिथेही फार थांबलो नाही. म्हणजे ज्या राईड्ससाठी लोक एक्सप्रेस घेतात त्यातल्या दोन सगळं पार्क जागं व्हायच्या आत झाल्या. दुपारी त्याच नायट्रोची लाईन बघितली तेव्हा दादा पहिल्यांदा म्हणाला, "बरं झालं लवकर उठलो."

आता एक गोष्ट जी मला मनापासून सांगायची आहे. लाईन किती लांब दिसते त्यावरून घाबरू नका, एका वेळी किती माणसं आत जातात आणि किती वेळाने जातात ते बघा. कोस्टरचं प्रत्यक्ष फिरणं एक-दोन मिनिटांचं असतं पण बसवणं, खांद्यावरचा बार खाली घेणं, प्रत्येकाचा बार हलवून तपासणं, उतरवणं यात त्याहून जास्त वेळ जातो आणि तो जायलाच हवा, तिथे कोणी घाई करू नये. म्हणून तिथली छोटी लाईनसुद्धा हळू सरकते. उलट आय फॉर इंडियासारख्या ठिकाणी एकदम मोठा गट आत घेतात, लाईन दाराबाहेर आलेली असली तरी एका शोमध्ये मोठा तुकडा गायब होतो. मी बाहेर पडायच्या दारापाशी थोडा वेळ उभी राहून माणसं मोजते. समजा पाच मिनिटांत ५० जण बाहेर आले आणि पुढे ३०० जण दिसतायत, तर अर्ध्या तासाचं काम आहे. एवढं गणित भाचासुद्धा करायला लागला आणि मग प्रत्येक राईडपाशी तोच आधी जाऊन मोजून यायचा आणि आजीला रिपोर्ट द्यायचा. जेवायच्या वेळेला सगळे फूड कोर्टात असताना आम्ही आईला आय फॉर इंडियाला नेलं. लडाख, केरळ, सगळं पायाखालून जाताना तिने माझा हात घट्ट धरला होता आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "परत बसूया का गं?" बसलो परत.

राजासॉरसला मात्र दुपारी तासभर गेला. धाकटी कंटाळली, वहिनीने तिला कडेवर घेतलं, मी गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या. आणि शेजारच्या लाईनीतून लोक भराभर पुढे जात होते तेव्हा आमच्या पुढचा एक छोटा मुलगा बाबांना विचारत होता, "ते का आधी जातायत?" त्याच्या बाबांनी काहीतरी सांगून विषय बदलला. तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण बोटीतल्या जागा तेवढ्याच असतात, एक्सप्रेसने नवीन बोट येत नाही. समजा तासाला ६०० माणसांची सोय आहे आणि त्यातल्या २०० जागा वेगळ्या लाईनीला दिल्या तर साध्या लाईनीला ४०० उरल्या, म्हणजे आपण जो वेळ विकत घेतो तो कोणाच्या तरी पुढ्यातून घेतो. थोडेच लोक घेत असतील तर कोणाला फारसं जाणवत नाही, पण गर्दीच्या दिवशी जास्त लोक घेतात आणि त्याच दिवशी साधी लाईन सगळ्यात जास्त थांबते.

डिस्नीने १९९९ मध्ये फास्टपास सुरू केला तेव्हा तो फुकट होता, मशीनमधून वेळेची चिठ्ठी घ्यायची, इकडेतिकडे फिरायचं आणि त्या वेळेला यायचं. मला ती पद्धत फार आवडते कारण श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखीच. मग २०२१ मध्ये फुकटचा बंद होऊन पैसे भरायचा जीनी प्लस आला, २०२४ मध्ये त्याचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये प्रीमियर पास आला तो सुरुवातीला माणशी ४०० डॉलर, प्रवेशाचं तिकीट वेगळं. एकदा वेगळी लाईन विकायला लागलं की ती हळूहळू महाग होत जाते, असं मला यातून दिसतं. आपल्याकडे देवळांतही आहेच की, तिरुपतीला ३०० रुपयांचं दर्शन, त्र्यंबकेश्वरला २०० रुपयांचं, आणि आई तिथेही कधी पैसे भरून पुढे गेली नाही, तिचं म्हणणं रांगेत नाव घेत उभं राहणं हेच अर्धं दर्शन.

पण म्हणून मी कोणी एक्सप्रेस घेतलं तर नावं ठेवणार नाही. ज्यांना उभं राहवत नाही, गरोदर मुलीबरोबर जी मावशी किंवा नवरा आलाय आणि त्याला पटकन परत यायचंय, परगावाहून एकाच दिवसासाठी आलेले, परत कधी येतील माहीत नाही असे लोक, त्यांनी जरूर घ्यावं. ग्रुपमध्ये सगळेच मोठ्या राईडवाले असतील, कॉलेजची पोरं वगैरे, आणि दिवस नाताळचा किंवा मे महिन्यातला शनिवार-रविवार असेल आणि पोचायलाच उशीर होणार असेल, तरी घ्या, वसूल होतं. पावसाळ्यात शाळा सुरू असताना आठवड्याच्या मधल्या वारी जात असाल तर मात्र अजिबात घेऊ नका, सगळं पार्क मोकळं मिळतं आणि बोरघाट तेव्हा जसा असतो तसा वर्षभरात कधी नसतो.

परत येताना घाटात भरपूर ट्रॅफिक लागला, पोरं झोपली होती, आई आणि वहिनी नायट्रोचे व्हिडिओ बघत होत्या. दादाने गाडीतच पुढचं काढलं, मे महिन्यात त्याला कुटुंबासकट सिंगापूरला जायचंय आणि सेंटोसावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजला एकच दिवस आहे. तिथलं एक्सप्रेस मी त्याला घे म्हटलंय, उकाडा आहे आणि सकाळी लवकर पोचण्याची खात्री नाही. फक्त बुक करायच्या आधी कागद काढ, कोण कशात बसणार ते लिही, आणि सिंगल रायडरची फुकट लाईन कुठल्या राईडला आहे ते बघून घे, त्यात एकेकटं बसावं लागतं पण भाचा आता तेवढा मोठा झालाय.